अक्कलहुशारीने

"आत्या, बाहेरचं काही आणायचं नाही. उताऱ्यात जेवढं दिलंय तेवढंच धरायचं."

२०२४ च्या पावसाळ्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की कुकरच्या शिट्टीसारखं ते घरातल्या आवाजांत जमा झालं. भाची बारावीत होती. भावाचं घर गुहागर तालुक्यात, आणि गावापासून ज्युनियर कॉलेज लांब, म्हणून अकरावीपासून ती रत्नागिरीत आमच्याकडेच राहायची. सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज मोबाईलवर थेट दिसतं, हे तिला कुठून तरी कळलं होतं. बाकीच्या मुली रील बघत तेव्हा ही घटनापीठाची सुनावणी बघे. मग एक दिवस जेवताना म्हणाली, "मला क्लॅट द्यायचीय. वकील व्हायचंय. पण रत्नागिरीतली नाही."

शेवटचं वाक्य तिने माझ्या नवऱ्याकडे बघून म्हटलं. तो गप्प भात कालवत राहिला.

क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा. तिच्या सरावात माझं काम घड्याळ लावण्याचं. १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापणार. पतसंस्थेत दिवसभर रोकड मोजून आल्यावर मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची, हातात भाजी निवडायला घेऊन, आणि दर अर्ध्या तासाने वेळ सांगायची. मध्येच ती अडली की प्रश्न मोठ्याने वाचायची. असं करता करता मीच त्या प्रश्नांत शिरले.

ज्यांनी ही परीक्षा पाहिलेली नाही त्यांना वाटतं, त्यात कलमं पाठ करावी लागत असतील. तसं नसतं. क्लॅटमध्ये २०२० पासून सगळं उताऱ्यांवर आहे. साधारण साडेचारशे शब्दांचा उतारा, त्याखाली चार-सहा प्रश्न. कायद्याच्या भागात उताऱ्यात एक तत्त्व सांगितलेलं असतं आणि प्रश्नात एक गोष्ट. ते तत्त्व त्या गोष्टीला लावायचं, एवढंच. तत्त्व अन्यायाचं वाटलं तरी खरं धरायचं. तुम्हाला खरा कायदा वेगळा आहे हे ठाऊक असेल, तर ते ठाऊक असणं त्या दोन तासांपुरतं दाराबाहेर चपलांजवळ ठेवायचं.

मला हेच जमेना. एका सरावाच्या प्रश्नात 'अ'ने आपला जमिनीतला हिस्सा 'ब'च्या नावे लिहून दिला होता. तत्त्व होतं, स्वतःहून संमती देणाऱ्याला नंतर तक्रार करता येत नाही. भाचीने अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं. मी विचारलं, "पण 'अ' कोण? बहीण का? आणि 'ब'ने आधी काय बोलून ठेवलं होतं?"

"आत्या, बाहेरचं."

आता हे बाहेरचं आत आणू नको म्हणायचं, तेही कोकणातल्या बाईला! आमच्याकडे कायदा पडवीत बसल्या बसल्याच कानावर पडतो. गडगा हातभर कोणी सरकवला, विहिरीचं पाणी सामाईक की खाजगी, पाणंद कोणाच्या सर्व्हे नंबरातून जाते, हे मला पाढे यायच्या आधी ठाऊक होतं. वीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर तीस-तीस नावं, त्यातली निम्मी माणसं स्वर्गात आणि उरलेल्यांतली निम्मी विरार-नालासोपाऱ्यात. 'इतर हक्क' या रकान्यात कधीच्या काळची कुळं अजून नांदतात. मोजणी आली की गाव जत्रेसारखं जमतं. "तारीख पडली" हा वाक्प्रचार आम्ही पावसासारखा वापरतो, म्हणजे पडणारच, चिडून काय उपयोग.

आमच्या घरात तर कायद्याला देव्हाऱ्याखालोखाल जागा होती. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक, तिला सगळे 'दप्तर' म्हणायचे. आजोबा खोताचं कूळ. भात खळ्यावर असतानाच खोताचा माणूस माप घेऊन उभा राहायचा आणि अर्धेल काढून न्यायचा, हे ते सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बारीक व्हायचा. १९३३ पासून अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध वर्षानुवर्षं संप चालवला. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि पुढच्याच जानेवारीत मुंबईत विधिमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले होते. हे सगळं मला पुढे सामान्यज्ञान म्हणून घोकावं लागलं आणि घोकताना जरा विचित्र वाटलं. घरातल्या माणसाची जन्मतारीख परीक्षेला यावी, तसं.

खोती कायद्याने गेली १९४९ च्या अधिनियमाने. पण आजोबांचा दिवस होता १ एप्रिल १९५७. त्या दिवशी कूळकायद्याने कसणारं कूळ जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. मग त्या कायद्याच्या कलम 'बत्तीस ग'ची चौकशी, किंमत ठरणं, हप्ते, आणि हप्ते फिटल्यावर 'बत्तीस म'चं प्रमाणपत्र. आजोबा निरक्षर होते, पण 'बत्तीस म' हे शब्द ते मंत्रासारखे म्हणायचे. जगाला एप्रिल फूल असताना आमच्याकडे १ एप्रिलला ट्रंक खाली उतरवून तो कागद उन्हाला दाखवला जायचा, वाळवी लागू नये म्हणून. आजी त्यावर हळदकुंकूही लावायला निघाली होती. वडिलांनी अडवलं, शिक्का पुसेल म्हणून.

भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिने फार शांतपणे विचारलं, "मग ९ सप्टेंबरला आपण काय करायचो?"

"९ सप्टेंबरला काय असतं?"

"२००५. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती. मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वाटेकरी."

मी भेंडी चिरत होते. चिरत राहिले.

ती पुढे बोलत होती, परीक्षेच्या भरात. की २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. की महाराष्ट्राने तर हे अकरा वर्षं आधीच केलं होतं. १९९४ च्या राज्याच्या दुरुस्तीने, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना. "आत्या, तुझं लग्न कधी झालं?"

२००४ मध्ये. म्हणजे १९९४ मध्ये मी तेरा वर्षांची, परकर-पोलक्यातून नुकती बाहेर आलेली. त्या वर्षी कोणीतरी मुंबईत बसून माझं नाव लिहून ठेवलं होतं, आणि आमच्या पडवीत त्याचा कोणी ब्र काढला नव्हता. दुसऱ्याच्या गडग्याची बातमी संध्याकाळच्या आत येणाऱ्या पडवीत!

आता इथे मला सावध राहायला हवं, कारण जमीन वडिलोपार्जित धरायची की आजोबांची स्वकष्टार्जित, यावर पुष्कळ काही फिरतं. कूळकायद्याने आजोबांना मिळालेली जमीन वडिलांकडे कुठल्या नात्याने आली, हा प्रश्न भाचीच्या उताऱ्यांपेक्षा बराच अवघड आहे. पण तो कसाही सोडवला, तरी वडिलांच्या हिश्शाला १९५६ च्या मूळ कायद्यानेच मुलगी पहिल्या वर्गाची वारस होती. कसंही फिरवलं तरी माझं नाव कुठे ना कुठे बसतच होतं.

आणि मी ते २००९ मध्ये काढून दिलं होतं.

वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी. भावाला घर बांधायचं होतं, कर्जासाठी सातबारा मोकळा हवा होता. यात त्याचं कपट नव्हतं, हे मी आजही म्हणते. आई, मोठी बहीण आणि मी, तिघी तालुक्याच्या गावी गेलो. बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या लेखनिकाने दस्त आधीच टाईप करून ठेवला होता. त्याने तो गाडी सुटायच्या घाईत वाचून दाखवला. 'सदरचे हक्कसोडपत्र आम्ही आमच्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देत आहोत.' आई वाचू शकत नव्हती. तिने अक्कलहुशारीने अंगठा दिला. मी बी.कॉम. झालेली, रोज लोकांच्या कर्जाचे कागद तपासणारी. मी अक्कलहुशारीने सही केली. नंतर चौघांनी मिळून मिसळपाव खाल्ला. भावाने आम्हा तिघींना साड्या घेतल्या होत्या. माझी मोरपंखी.

त्यानंतर दर मे महिन्यात हापूसच्या दोन पेट्या येतात. कधी चुकल्या नाहीत.

भाचीने करार कायदा वाचायला घेतला तेव्हा मी हे हसत हसत तिला सांगितलं. तिने पेन्सिल कानावर ठेवून ऐकलं. म्हणाली, "१८७२ चा कायदा आहे. मोबदला कमी आहे एवढ्यावरून करार रद्द होत नाही. पण संमती मोकळी होती का, हे ठरवताना कोर्ट मोबदला किती होता ते बघू शकतं." मग जरा थांबून, "दोन पेट्या म्हणजे साधारण दहा डझन ना?"

त्या रात्री तिने मला विचारलं, तीन वर्षांचा एल.एल.बी. तू का नाही करत? मी वयाचं कारण दिलं. तेही तिने तपासून ठेवलं होतं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीस वर्षांची मर्यादा होती खरी, पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेच्या अंमलाला स्थगिती दिली. पदवीला मार्क पुरेसे होते. म्हणजे कारण उरलं नाही.

आमच्या परीक्षा वेगळ्या. तिची क्लॅट देशभराची, सगळी इंग्रजीत, अर्जालाच चार हजार रुपये. माझी राज्याची सीईटी, प्रश्न इंग्रजी-मराठी दोन्हींत, आणि चुकीला गुण कापत नाहीत. यावर भाची मला चिडवायची, की आत्या, तुझ्या परीक्षेत डोळे मिटून उत्तर ठोकून दिलं तरी चालतं. पण १२० पैकी ४० प्रश्न नुसत्या इंग्रजीचे, म्हणजे एक तृतीयांश, आणि तिथे मराठी मदतीला येत नाही. बावीस वर्षांपूर्वी पदवी घेऊन ठेवलेल्या माणसाला 'सिनॉनिम' या शब्दाचाच अर्थ आधी शोधावा लागतो.

मी जुन्या बाजारातून सरावाचं एक पुस्तक आणलं. त्यातला मराठी अनुवाद असा, की मराठी कळायला शेजारचं इंग्रजी वाचावं लागे. 'निष्काळजीपणाची अपकृत्यात्मक दायित्वता' असं काहीसं. आणि पुस्तक निघालं २०२२ चं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली होती, त्यामुळे पाठ केलेला खुनाचा ३०२ आता १०३ झाला होता. फसवणुकीचा ४२० जाऊन ३१८ आला. 'चारशेवीस माणूस' ही शिवी मात्र आपल्याकडे कोणी दुरुस्त करणार नाही. तीनशेअठरा म्हटलं तर समोरच्याला वाटेल बसचा नंबर सांगतोय.

पहाटे साडेचारला उठायचं, दोन तास अभ्यास, मग डबे. लॅटिन वचनं मी भाकरी थापताना म्हणायची. 'वोलेंटी नॉन फिट इंज्युरिया.' जो राजी आहे त्याला इजा होत नाही. मराठी दस्तातलं 'राजीखुशीने' आणि रोमन लोकांचं हे वचन एकाच पिठाचे गोळे आहेत, हे तव्यापाशी उभं असताना एकदम लक्षात आलं आणि भाकरी करपली.

दिवाळीत आम्ही दोघी गावी गेलो. घरात रेंज नाही, म्हणून भाची मॉक टेस्टसाठी सड्यावर जाऊन बसायची. सगळीकडे कातळ, मधे एकटी ती, ओढणीची सावली मोबाईलवर धरून. गुराखी पोरं लांब उभी राहून बघायची. बाळंतिणीचं जेवण न्यावं तसा मी खालून तिचा चहा वर घेऊन जायची. भावाने एकदा विचारलं, "दोघींचं काय चाललाय गो ह्या?" मी म्हटलं, परीक्षा. तो म्हणाला, "तुला काय कमी हाय म्हणून?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच न कळलेलं होतं. मी उत्तर दिलं नाही. देता आलं असतं.

१ डिसेंबरला क्लॅट झाली. तिने पुणे केंद्र मागितलं होतं. रातराणीने आंबा घाटातून गेलो, ती ओकारी येऊ नये म्हणून तोंडात आवळा धरून. परीक्षा संपल्यावर बाहेर आली ती रडत नव्हती, पण चेहरा धुतल्यासारखा होता. पुढची गंमत तर कोणाला सांगून पटत नाही. उत्तरतालिकेतल्या काही उत्तरांवरून प्रकरण कोर्टात गेलं. दिल्ली उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय, आणि सुधारलेल्या निकालावरची यादी लागायला मे उजाडला. वकील होण्याच्या परीक्षेलाच तारीख पडली. भावाने हे ऐकून पहिल्यांदाच मनापासून हसून घेतलं, "ही तर आपलीच परीक्षा झाली की."

तिचा क्रमांक राष्ट्रीय विधी विद्यापीठांना पुरला नाही. दोन दिवस जेवली नाही. मग एप्रिलअखेरीस पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची राज्याची जी सीईटी तिने दिली होती, तिचा निकाल चांगला आला आणि पुण्यात जागा मिळण्यासारखी झाली. या दोन दिवसांबद्दल मी जास्त लिहीत नाही, ते तिचे आहेत.

माझी परीक्षा मेच्या सुरुवातीला, आंब्याच्या ऐन धांदलीत. संगणकासमोर माझ्या एका बाजूला तेवीस वर्षांचा मुलगा, दुसऱ्या बाजूला एक निवृत्त शिक्षक असावेत, चष्मा पुसत. कायद्याच्या भागात एक प्रश्न असा आला, की वाचताच आतून सगळी पडवी उठून बोलायला लागली. मी माऊसवरचा हात काढला. बाहेरचं बाहेर ठेवलं. उत्तर दिलं. ते बरोबर आलं, आणि त्याचा मला अजून थोडा राग आहे.

मग सुरू झालं खरं कोकणी काम, कागद गोळा करणं. कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातपडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका. माझ्या एका गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, एका दाखल्यावर सासरचं, त्यासाठी राजपत्र. प्राधान्यक्रम भरताना भाचीने पुण्या-मुंबईची कॉलेजं लिहिली. मी पहिलं नाव भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयाचं टाकलं, दुसरं कुडाळचं, आणि तिसरं नाव टाकायला हात थांबला तेव्हा तसंच सोडलं. गरिबीतून मुंबईत जाऊन बांधकामात वर आलेल्या ज्या माणसाने १९३१ मध्ये इथे पतितपावन मंदिर उभारलं, त्याच्या नावाच्या कॉलेजात जायला मला बरं वाटणार होतं. शिवाय घरापासून रिक्षाने जाण्याइतकं. वर्गात ७० टक्के हजेरी लागते. पतसंस्थेत एकवीस वर्षं झाली होती. मी राजीनामा दिला. नवरा म्हणाला, "आता माझ्या पगारात वकील पोसायचा." वाईट नाही बोलला.

ऑगस्टमध्ये भाऊ कागद घेऊन रत्नागिरीला आला, मुलीच्या अर्जासाठी. १८ तारखेला कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं होतं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गही त्यालाच जोडले होते, त्यामुळे गाडीत सगळे तेच बोलत होते म्हणे, की आता हायकोर्ट म्हणजे आंबा घाट चढला की आलंच. कुठला कागद लागेल ते न कळल्यामुळे त्याने पत्र्याची ट्रंकच उचलून आणली होती. एस.टी.त मांडीवर ठेवून.

भाचीने एकेक कागद जमिनीवर मांडला. मोबाईलने स्कॅन करायचे आणि ठराविक के.बी.त बसवायचे. पंख्याने कागद उडत होते, म्हणून भाऊ उकिडवा बसून अंगठ्याने एकेकाचा कोपरा दाबून धरत होता. 'बत्तीस म' आलं. तिने उगाचच त्याचाही फोटो काढला. त्याखाली हक्कसोडपत्र होतं.

ती ते मोठ्याने वाचायला लागली. लेखनिकापेक्षा सावकाश, प्रत्येक शब्द लागेल असं, उतारा वाचावा तसं. 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' इथे थांबली, माझ्याकडे बघितलं नाही, पुढे वाचलं. चौथ्या पानावर आईचा अंगठा होता, जांभळी शाई फिकी होऊन विटलेला.

भाऊ म्हणाला, "ह्यो नको हाय अर्जाला."

"असू दे," ती म्हणाली. "नीट धरा, बाबा."

त्याने धरला. एकेक पान. आता ती फाईल माझ्या मोबाईलमध्ये आहे, आणि चौथं पान उघडलं की आईच्या अंगठ्याच्या शेजारी, चौकटीच्या कडेला, भावाचाही अंगठा आलेला आहे.